मुलाला भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, वय ६३. पत्नी ६१ वर्षांची, गृहिणी. साताऱ्यात स्वतःचं घर आहे, पेन्शन महिना ४५ हजार. निवृत्तीचे पैसे आणि गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकून आलेले १८ लाख, असे मिळून हाताशी ६५ लाख आहेत. मुलगा २९ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे, पॅकेज १८ लाख. वाकडला २४ हजार भाडं भरतो. मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला असते. पुनावळ्याला ८० लाखांचा टू बीएचके पाहिलाय, ताबा दीड वर्षानं. २० लाखांचं कर्ज काढून तो पत्नीच्या नावावर घ्यायचा आणि मुलाला आत्ता भरतो त्याच भाड्यानं द्यायचा, असा बेत आहे. भाड्यातून हप्ता जाईल, मुलाला एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) आयकरात सूट मिळेल, पुढंमागं आम्हालाही पुण्यात जागा होईल. मुलगा स्वतः घर घ्यायला तयार नाही. म्हणतो, 'कर्जात अडकायचं नाही, कंपनी कधी बंगळूरला पाठवेल सांगता येत नाही.' पत्नीला पोटच्या पोराकडून भाडं घेणं पटत नाही. मुलीला अजून काही बोललेलो नाही. असं भाडं घेणं कायद्यात बसतं का? आणि आमचं काही चुकतंय का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कायद्याचं आधी उरकू, कारण ते सरळ आहे. कमावत्या मुलानं आईवडिलांच्या मालकीच्या घरात भाडं देऊन राहावं आणि त्यावर एचआरएची सूट घ्यावी, यात गैर काही नाही. मुख्य अट एकच, भाडं खरोखर दिलेलं असलं पाहिजे. दर महिन्याला त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात पैसे आलेले दिसावेत, करार नोंदवलेला असावा, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यानं घरमालकाचा पॅन त्याच्या कंपनीकडं जावा आणि ते उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात दिसावं. मुलगा त्या घराचा सहमालक असता कामा नये. नुसत्या पावत्या करून द्यायच्या आणि पैसे हललेच नाहीत, हा जो प्रकार घरोघरी चालतो, त्याला खोटं भाडं म्हणतात आणि आता पॅनवरून ते सापडतंही.

मात्र एचआरएचं गणित तुमच्या घरात अलीकडं कुणी मांडलेलं दिसत नाही. आयकराच्या जुन्या आणि नव्या अशा दोन प्रणालींपैकी ही सूट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. १८ लाख हा पूर्ण पगार आणि त्यातला मूळ पगार ४० टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार, असं धरू. वर्षाचं भाडं २ लाख ८८ हजार. त्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा जातात, उरतात २ लाख १६ हजार. एवढीच सूट. त्यात प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळते ती) आणि पीएफ-विम्याचे दीड लाख धरले, तरी जुन्या प्रणालीत त्याला सुमारे २ लाख ३७ हजार कर बसतो. नव्या प्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, प्रमाणित वजावटीखेरीज एकही सूट न घेता तो १ लाख ५१ हजारांच्या आत बसतो. आरोग्यविमा, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असं सगळं पुरेपूर भरलं तरी जुनी प्रणाली १ लाख ९७ हजारांच्या खाली येत नाही. म्हणजे तुम्हाला भाडं देऊन एचआरए घेण्याच्या नादात मुलाचे वर्षाला ४५ ते ८५ हजार जास्तच जातील. त्याची पगाराची स्लिप घेऊन हे एकदा ताडून पाहा. मूळ पगार वेगळा असेल तर आकडे थोडे सरकतील, निष्कर्ष बदलण्याची शक्यता कमी.

तुमच्या बाजूनं कराची अडचण नाही. फ्लॅट वहिनींच्या नावावर असला तरी पैसे तुमचे, त्यामुळं भाडं तुमच्याच उत्पन्नात मोजलं जाईल. पण भाड्याच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, वर कर्जाचं व्याज वजा होतं, आणि नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर नाही. थोडक्यात, या सगळ्या बेतात कर कुणाच्या आड येत नाही आणि कुणाला तारतही नाही. कराचा मुद्दा बाजूला ठेवा आणि मग फ्लॅट हवाहवासा वाटतो का ते बघा.

आता पैशांचं. तुम्ही लिहिलेले ८० लाख ही नुसती किंमत असेल, तर ताबा मिळेपर्यंत ती ८० राहणार नाही. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. मुद्रांक शुल्क पुण्या-पिंपरीत ७ टक्के आहे. फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, पण खरेदीदारांत तुमचं नाव घातलंत की ती गेली. वहिनींच्या एकटीच्या नावावर धरले तरी ४ लाख ८० हजार. नोंदणी ३० हजार. इथंच ८९ लाख होतात. पुढं मीटर, सोसायटीची आगाऊ देखभाल, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, किचनच्या ट्रॉल्या, कपाटं. ९२ लाखांत हे आटोपलं तर नशीब म्हणायचं. तुमच्याकडं कर्ज धरून ८५ आहेत.

'भाड्यातून हप्ता जाईल' हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. या वयात बँका मोठ्या मुदतीचं कर्ज देत नाहीत, साधारण सत्तरी-पंचाहत्तरीपर्यंत हप्ते संपवायचे असतात. दहा वर्षं मिळाली असं धरलं तरी २० लाखांचा हप्ता साडेचोवीस हजारांच्या आसपास बसेल. मुलाचं भाडं २४ हजार. म्हणजे ते येणार आणि आलं तसं बँकेत जाणार. सोसायटीची देखभाल, महापालिकेचा कर, गळती, रंग हे पेन्शनमधून. त्याच्या आधीचं दीड वर्ष तर भाडं नाहीच, उचललेल्या कर्जावर व्याज मात्र सुरू. भाड्याचा पहिला रुपया खऱ्या अर्थानं तुमच्या हातात पडेल, तेव्हा तुमची पंचाहत्तरी जवळ आलेली असेल.

तुम्ही टपाल खात्यात आयुष्य काढलंत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची खाती किती जणांना उघडून दिली असतील! तीच दोन खाती स्वतःची उघडा : तुमची ३० लाखांची, वहिनींची ३० लाखांची. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. गेली काही वर्षं तो ८.२ टक्के राहिला आहे. त्या दरानं दोघांचे मिळून तिमाहीला १ लाख २३ हजार, म्हणजे महिन्याला ४१ हजार. त्यात पेन्शन मिळवली तरी वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं. पाच लाख हाताशी मोकळे. कर्ज नाही, बिल्डर नाही, सोसायटीची मीटिंग नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल की फ्लॅटची किंमत वाढते, ठेवीचं मुद्दल होतं तेवढंच राहतं आणि महागाई त्याला खाते. खरं आहे. मुलाचं वय असतं तर मीही हाच मुद्दा पुढं केला असता. पण साठीनंतर पैसा किती वाढला याच्याइतकाच तो लागेल तेव्हा हातात येतो का, हा प्रश्न असतो. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी फ्लॅटचा हॉल तेवढा विकता येत नाही. तुमची जवळजवळ सगळी पुंजी एका इमारतीच्या एका मजल्यावर जाऊन बसते आहे, आणि ती इमारत अजून उभीसुद्धा राहिलेली नाही.

तुमच्या पत्रात तीन इच्छा एकाच दाराला लावलेल्या आहेत : गुंतवणूक, मुलाची सोय आणि स्वतःचं म्हातारपण. त्यातली तिसरी मला सगळ्यात खरी वाटते, आणि तिच्यासाठीच हा फ्लॅट सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. पुनावळं मुलाच्या हिंजवडीला जवळ आहे म्हणून निवडलंय. तुम्ही दोघं पुण्यात राहायला याल तेव्हा तुम्हाला लागेल चालत जाता येईल असं औषधांचं दुकान, वीज गेल्यावर बंद न पडणारी लिफ्ट, ओळखीचा डॉक्टर आणि संध्याकाळी कट्ट्यावर बोलायला चार आपल्या वयाची माणसं. मुलगा तेव्हा हिंजवडीतच असेल याची खात्री त्याला स्वतःलाही नाही. साताऱ्यात हे सगळं आज तुमच्या दाराशी आहे. पुण्याला यायची वेळ येईल तेव्हा, त्या वेळच्या गरजेप्रमाणं जागा बघता येईल. ती भाड्याची असली तरी बिघडत नाही.

मुलाचं वाक्य पुन्हा वाचा. त्याला कर्जात अडकायचं नाही, कारण बदली होऊ शकते. मुलगा विचारानं वागतोय. त्याच्या पगारावर त्याला ६० लाखांचं कर्ज मिळू शकेल, वीस वर्षांसाठी हप्ता ५० हजारांच्या आसपास. ते त्याला झेपलंही असतं, पण आत्ता नको आहे. मग जे ओझं २९ व्या वर्षी त्याला नको, ते ६३ व्या वर्षी तुम्ही का उचलताय? तो बंगळूरला गेला की पुनावळ्याच्या फ्लॅटला परका भाडेकरू शोधायचा, नळ गळला की साताऱ्याहून प्लंबरला फोन करायचा, एजंटला महिन्याचं भाडं द्यायचं. तेव्हा वहिनींना भाडं घ्यायला संकोच वाटणार नाही, पण तुम्ही मुलासाठी घेतलेल्या घरात मुलगाच नसेल.

म्हणून माझं मत विचाराल तर हा फ्लॅट घेऊ नका. मुलाला जेव्हा स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कर्जानं घर घ्यावंसं वाटेल, तेव्हा सुरुवातीच्या रकमेसाठी दहा-बारा लाख त्याला द्या. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर मुलाला कर लागत नाही. बँकेला एक बक्षीस दिल्याचं पत्र लागेल, तेवढंच. आणि तेवढीच रक्कम मुलीच्या नावानं बाजूला काढा.

मुलीचं मी मुद्दाम शेवटाकडं ठेवलं होतं, कारण तुमच्या पत्रात ते सगळ्यात कमी शब्दांत आहे आणि मला सगळ्यात जड तेच वाटतं. त्या ६५ लाखांत १८ लाख वडिलोपार्जित जमिनीचे आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्मानंच असतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. जमीन विकताना तिची सही घेतली असेल. सही करताना तिनं पैसे मागितले नाहीत, 'दादाचं अजून व्हायचंय, असू दे' म्हणाली असेल. आपल्याकडच्या मुली असंच म्हणतात. पण पैसे न मागणं वेगळं आणि त्या पैशांतून भावाला राहायला फ्लॅट घेतल्याचं तिला वास्तुशांतीच्या आमंत्रणातून कळणं वेगळं. फ्लॅट घेणार असाल वा नसाल, या आठवड्यात तिच्याशी बोला. जावयासमोर नको, आधी तिच्या एकटीशी.

आणि मृत्युपत्र करा, दोघांनीही. सोसायटीच्या फॉर्मवर मुलाला नॉमिनी केलं म्हणजे घर त्याचं झालं, असा पुष्कळांचा समज असतो. नॉमिनी हा मालक नसतो, सोसायटीनं सभासदत्व कुणाच्या नावे करायचं एवढ्यापुरतं ते नाव. घर वहिनींच्या नावावर आणि मृत्युपत्र नाही, अशी वेळ आली तर तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघं समान वारस. तोवर मुलगा त्या घरात दहा वर्षं राहिलेला, भाडंही भरलेलं, आणि 'हे माझंच' असं त्याला वाटत असणार. त्यात त्याचा दोष नाही, तुम्हीच कधी सांगितलेलं नसेल तर.

वहिनींच्या मनातली अढी मला समजते, पण भाडं घेण्यात कमीपणा नाही. मुलगा आज परक्या घरमालकाला २४ हजार देतोच आहे, तेच आईच्या खात्यात आले तर त्याची आबाळ होत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. एखाद्या महिन्यात भाडं आलं नाही तर विचारणार कोण? वहिनी म्हणणार, जाऊ दे, पोराची ओढाताण असेल. तुम्ही दोन महिने गप्प बसणार आणि तिसऱ्या महिन्यात भलत्याच विषयावर चिडणार. हे टाळायचं तर सगळं आधी बोलून ठेवावं लागतं. नोकरी गेली तर किती महिने भाडं माफ? तीन म्हणा, सहा म्हणा, पण आकडा ठरवा. बदली झाली तर किल्ल्या कुणाकडं, आणि पुढचा भाडेकरू कोण बघणार? त्यानं स्वतःच्या पैशानं मॉड्युलर किचन केलं तर ते भाड्यातून वळतं करायचं की त्याची हौस म्हणून सोडायचं? हा किचनचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण घराघरांत वाजतं ते अशाच तीन-चार लाखांवरून.

लग्नाचंही बोला. सून आली की ते तिचं सासर, तिचा संसार. घर सासूच्या नावावर असलं तरी ते 'सामायिक घर' ठरू शकतं आणि तिथं राहण्याचा तिला हक्क असू शकतो, हे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच सांगितलंय. हे भीती घालायला लिहीत नाही, तो हक्क रास्तच आहे. पण 'गरज पडली की मुलाला सांगू, आम्ही येतोय, तू दुसरीकडं बघ' असं जे तुम्ही मनात धरलंय, ते त्या दिवसापासून इतकं सोपं उरणार नाही.

एवढं वाचूनही घ्यायचंच ठरलं, तर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायला परवानगी देणारा, करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणं तो लेखी आणि नोंदणीकृत असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर वादाच्या वेळी अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ३३ महिन्यांच्या करारासाठी २४ हजार भाड्यावर मुद्रांक शुल्क दोन हजारांच्या आत आणि नोंदणीचे हजार रुपये, ऑनलाइन होतो. डिपॉझिट घेऊ नका. भाडं बाजारभावापेक्षा थोडं कमी घ्या हवं तर, पण किती कमी ते मुलीलाही माहीत असू द्या. आणि फुकट राहू द्यायचं ठरलं तर सरळ फुकट राहू द्या. दोन घरं स्वतःच्या वापरात आहेत असं दाखवलं तर दुसऱ्यावर आता काल्पनिक (न मिळालेल्या) भाड्याचा कर लागत नाही. फक्त मग मुलानं एचआरएच्या पावत्या करायच्या नाहीत.

मुलाचं नाव आत्ताच खरेदीखतात घालायची घाईही नको. राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शहरात त्यावर स्थानिक अधिभार पडतो, तरी खरेदीच्या मानानं ते काहीच नाही. कधी द्यायचं झालं तर त्या बक्षीसपत्रात 'आमचा सांभाळ करील' ही अट शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय आहे, पण कागदात अटच नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

बिल्डरच्या ऑफिसातून 'हा दर महिनाअखेरपर्यंतच' असे फोन येत असतील, येऊ द्या. नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे तुमच्या बाबतीत ८ लाखांपेक्षा, जास्त रक्कम घेता येत नाही. आणि त्या आठांतला एक लाखही देण्याआधी बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, हे अर्जावर शोधा. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख बघा. तिथली तारीख दीड वर्षाच्या पुढची निघाली, तर मुलाचं वाकडचं भाडं आणि तुमचं बँकेचं व्याज, दोन्ही तितके महिने जास्त, हे आजच्याच हिशेबात धरा.